गोळीचं टेक्निकल कोणतं?

आमच्या अमळनेर तालुक्यातला कापूसवाला कृषी केंद्रात गेला की बाटली हातात घेतो, उलटी करतो आणि विचारतो, "यात टेक्निकल कोणतं?" कंपनीने बाटलीवर वाघाचं चित्र छापलेलं असो की तोफेचं, त्याला आत इमिडाक्लोप्रिड आहे की अ‍ॅसिफेट, आणि किती टक्के, एवढंच हवं असतं. रावेर-यावलकडचा केळीवाला करपा दिसला की "प्रोपिकोनॅझोल द्या" म्हणतो, कंपनी मागाहून ठरवतो. यात शिकलेला-न शिकलेला असा फरक नसतो. चौथी नापास माणूससुद्धा टेक्निकल विचारतो, कारण पैसा त्याचा आणि पीकही त्याचं.

तोच माणूस संध्याकाळी माझ्याकडे मेडिकलवर येतो आणि बीपीच्या औषधासाठी म्हणतो, "भाऊ, ती धवयी गोयी दे, बारीक, लाल पाकिटनी." धवयी म्हणजे पांढरी. फवारणीचं टेक्निकल तोंडपाठ, आणि दहा वर्षं रोज सकाळी पोटात जाणाऱ्या गोळीचं नाव ठाऊक नाही. ते त्याला कुणी सांगितलेलं नसतं. चिठ्ठीवरही बहुतेक वेळा ते नसतंच. चिठ्ठीवर असतं ते ब्रँडचं नाव, म्हणजे बाटलीवरचा वाघ.

मी फार्मासिस्ट आहे. काउंटरच्या आत उभं राहून अठरा वर्षं झाली. "जेनेरिक चांगलं की ब्रँडेड?" हा प्रश्न आठवड्यातून चारदा तरी येतो. मला वाटतं, या एका प्रश्नात दोन प्रश्न गुंतलेत आणि ते सुटे केल्याशिवाय उत्तर मिळत नाही. चिठ्ठीवर औषधाचं कोणतं नाव लिहायचं, हा एक. गोळी कोणत्या कंपनीची घ्यायची, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर सोपं आहे, दुसऱ्याचं तेवढं सोपं नाही.

आधी घरातलीच गोष्ट सांगतो. माझी मोठीमाय जळगावच्या एका डॉक्टरांकडून बीपीची गोळी घेत होती. दिवाळीनंतर ती दोन महिने सुरतला धाकट्या मुलाकडे गेली. पट्टी संपली, रिकामं पाकीट केरात गेलं. तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, "आधी कोणती गोळी चालू होती?" मोठीमायने सांगितलं, धवयी, बारीक. त्यांनी बीपी मोजलं, ते वाढलेलं होतं, आणि आपल्या अंदाजाने गोळी लिहून दिली. ती चालू असतानाच मोठीमाय गावी परतली. घरी कपाटात जळगावची जुनी पट्टी सापडली, तीही तिने सुरू केली. औषध टाकून द्यायचं कसं, हा तिचा हिशोब. पंधरा दिवसांत पहाटे चुलीपुढून उठताना घेरी येऊ लागली, एकदा भिंतीला धरून खालीच बसली.

मी गेलो तेव्हा बीपी ९६/६० भरलं. दोन्ही पट्ट्या मागवल्या आणि खाटेवर शेजारी शेजारी ठेवल्या. एक लाल, एक निळी, नावांत एका अक्षराचंही साम्य नाही. दोन्ही उलट्या केल्या. चकचकीत चांदीवरची बारीक अक्षरं उजेडाकडे तिरपी धरल्याशिवाय वाचता येत नाहीत. लाल पट्टीवर होतं टेल्मिसार्टन ४० मिलिग्रॅम. निळीवर टेल्मिसार्टन ४० आणि त्याच्या जोडीला अ‍ॅमलोडिपिन ५. म्हणजे मोठीमाय एकच औषध दुप्पट घेत होती, वर दुसरं वेगळं. दोन्ही डॉक्टरांनी आपापल्या जागी बरोबर लिहिलं होतं. त्यांच्यामध्ये पूल म्हणून जे एक नाव हवं होतं, ते मोठीमायकडे नव्हतं.

प्रत्येक औषधाला तीन नावं असतात. एक रसायनशास्त्राचं. पॅरासिटामॉलचं तसलं नाव एन-४-हायड्रॉक्सीफिनाइल अ‍ॅसिटामाइड असं लांबलचक आहे, ते प्रयोगशाळेतच राहतं. दुसरं जेनेरिक नाव: पॅरासिटामॉल. तिसरं कंपनीने ठेवलेलं, क्रोसिन, कॅलपॉल, डोलो वगैरे. ब्रँडचं नाव कंपनीच्या मालकीचं असतं. जेनेरिक नाव कुणाच्याच मालकीचं होऊ शकत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने १९५० मध्ये ही पद्धत ठरवली आणि १९५३ मध्ये अशा नावांची पहिली यादी काढली. तेव्हापासून जगभर नव्या औषधाला एक सामाईक नाव मिळतं, आणि ते मुद्दाम कुणाचं खाजगी होऊ दिलं जात नाही. थोडे अपवाद आहेत. पॅरासिटामॉललाच अमेरिकेत अ‍ॅसिटामिनोफेन म्हणतात. पण टेल्मिसार्टन जळगावात टेल्मिसार्टन, सुरतेत टेल्मिसार्टन आणि जपानमध्येही टेल्मिसार्टनच.

या नावांची एक गंमत मला फार आवडते. त्यांना आडनाव असतं, फक्त ते शेवटी चिकटलेलं असतं. नाव "सार्टन"ने संपलं की बीपीच्या एका ठरावीक घराण्याची गोळी: लोसार्टन, टेल्मिसार्टन, ओल्मेसार्टन. "प्रिल"वाली शेजारच्या घराण्यातली, रामिप्रिल, एनालाप्रिल. "स्टॅटिन" म्हणजे कोलेस्टेरॉल. "प्राझोल" म्हणजे पोटातलं आम्ल कमी करणारी, ओमेप्राझोल, पँटोप्राझोल. "ग्लिप्टिन" म्हणजे साखर. "फ्लॉक्सासिन" म्हणजे अँटिबायोटिक. आणि "कोनॅझोल" म्हणजे बुरशीवर चालणारं. गजकर्णासाठी त्वचेचे डॉक्टर इट्राकोनॅझोल किंवा फ्लुकोनॅझोल देतात. केळीच्या करप्यावर मारतो ते प्रोपिकोनॅझोल याच घराण्याचं. करपासुद्धा बुरशीच आहे ना. यावलच्या एका केळीवाल्याला हे सांगितलं तेव्हा तो पट्टी हातात धरून बराच वेळ बघत राहिला. नंतर बायकोच्या, आईच्या, सगळ्यांच्या पट्ट्या घेऊन आला आणि प्रत्येकीचं आडनाव विचारत बसला. ब्रँडच्या नावातून हे काहीच कळत नाही. ते नाव कंपनीला जिभेवर बसावं म्हणून ठेवलेलं असतं.

दोन ब्रँडची नावं जुळ्यासारखी असली की धोका आणखी वाढतो. फाल्सिगो आणि फाल्सिटॅब या मलेरियाच्या दोन औषधांचा वाद सुप्रीम कोर्टापर्यंत गेला होता. एकात आर्टेसुनेट, दुसऱ्यात मेफ्लोक्विन, आणि नावं अशी की घाईत एकाच्या जागी दुसरं जावं. २००१ च्या निकालात कोर्टाने म्हटलं, औषधांच्या नावांतला सारखेपणा इतर मालापेक्षा जास्त कडक नजरेने तपासला पाहिजे, कारण इथे गफलत झाली तर जिवावर बेततं. हेही खरं की जेनेरिक नावंही कधी एकमेकांसारखी असतात. क्लोरप्रोमाझिन मानसिक आजाराचं आणि क्लोरप्रोपामाइड मधुमेहाचं. म्हणून कुठलंही नाव लिहा, अक्षर वाचता आलं पाहिजे.

आता दुसरा प्रश्न. इथे एक गैरसमज आधी काढला पाहिजे. लोकांना वाटतं ब्रँडेड म्हणजे अस्सल आणि जेनेरिक म्हणजे नक्कल. आपल्याकडे हे चित्र लागू पडत नाही. १९७० चा पेटंट कायदा १९७२ मध्ये अमलात आला. त्यात औषधाच्या पदार्थावर पेटंट मिळत नव्हतं, ते बनवण्याच्या पद्धतीवरच मिळायचं. त्यामुळे भारतीय कंपन्यांनी वेगळ्या पद्धती शोधून तीच औषधं स्वस्तात बनवली, आणि प्रत्येकीने आपापलं ब्रँडनाव दिलं. पदार्थावर पेटंट पुन्हा आलं ते २००५ पासून. टेल्मिसार्टनचा शोध जर्मनीच्या एका कंपनीचा. आपल्या दुकानांत त्याचे जे डझनभर नामवंत ब्रँड दिसतात, ते शास्त्राच्या भाषेत सगळे जेनेरिकच. फक्त त्यांना नाव आहे, जाहिरात आहे आणि डॉक्टरांच्या दारात बसणारा एमआर, म्हणजे कंपनीचा प्रतिनिधी, आहे.

नावाचा हा प्रश्न नवा नाही. जयसुखलाल हाथी यांच्या समितीने १९७५ मध्ये अहवाल दिला. ब्रँडची नावं टप्प्याटप्प्याने काढून टाका आणि सुरुवात तेरा औषधांपासून करा, अशी त्यात शिफारस होती. तिला पन्नास वर्षं झाली. नावं आहेत तिथेच आहेत.

आता काउंटरच्या आतली बाजू. मी आत उभा असतो, त्यामुळे हे मीच सांगायला हवं. आमच्या भाषेत माल दोन प्रकारचा: एथिकल आणि जेनेरिक. एथिकल म्हणजे ज्याच्या मागे एमआर आहे, जो डॉक्टर लिहितात. त्यात दुकानदाराला साधारण सोळा ते वीस टक्के सुटतात. दुकानात ज्याला जेनेरिक म्हणतात तो माल एमआरशिवाय थेट स्टॉकिस्टकडून येतो. अनेकदा त्याच मोठ्या कंपनीच्या दुसऱ्या विभागाचा असतो, आणि त्यालाही स्वतःचं ब्रँडनाव असतंच. फरक किमतीच्या रचनेत आहे. समजा, एका पट्टीवर छापील किंमत ९० रुपये आहे. आकडे फक्त समजण्यापुरते घ्या. दुकानदाराला ती वीसला पडली. तो तुम्हाला "जेनेरिक आहे, डिस्काउंटमध्ये देतो" म्हणून पन्नासला देतो. तुमचे चाळीस वाचले म्हणून तुम्ही खूश. त्याला तीस सुटले. पण त्या पट्टीची खरी किंमत काय होती, ते तुम्हाला कधी कळलंच नाही.

म्हणून, डॉक्टरांनी फक्त जेनेरिक नाव लिहिलं की स्वस्त औषध मिळतं, हे आपोआप होत नाही. कंपनी निवडायचा अधिकार डॉक्टरांकडून काउंटरवर येतो, एवढंच होतं. आणि काउंटरवरच्या माणसाला जास्त मार्जिनचा माल खपवण्याचा मोह असतो. काही दुकानांत तर फार्मासिस्ट हजरच नसतो, पोऱ्या गोळ्या देतो. डॉक्टरांची जेनेरिक नावाबद्दलची सगळ्यात मोठी तक्रार हीच आहे, आणि ती खोटी नाही. पेशंट बरा झाला नाही तर गावात नाव डॉक्टरचं खराब होतं, दुकानदाराचं नाही. बाजाराच्या दिवशी ऐंशी-शंभर पेशंट तपासणाऱ्या डॉक्टरने साखरेच्या एका मिश्रगोळीसाठी ग्लिमेपिराइड, मेटफॉर्मिन, व्होग्लिबोज अशी तीन नावं शक्तीसकट लिहायची, की चार अक्षरांचा ब्रँड लिहून मोकळं व्हायचं, हेही त्याच्या खुर्चीत बसून बघितलं पाहिजे.

मग गोळी चांगली की नाही, हे ओळखायचं कसं? यासाठी ठिबकचं उदाहरण देतो. केळीला ठिबकमधून १९:१९:१९ खत सोडता, तेव्हा टाकीत किती टाकलं हे एक आणि मुळाशी किती वेळात किती पोचलं हे दुसरं. ड्रीपर चोंदले असतील तर टाकीतला हिशोब बरोबर असूनही झाड उपाशी राहतं. गोळीचंही तसंच आहे. गोळीच्या नावापुढे आयपी अशी अक्षरं असतात. त्याचा अर्थ, भारतीय औषधसंहितेनुसार गोळीत सांगितलेला घटक ठरलेल्या मर्यादेत असला पाहिजे आणि ती ठरलेल्या वेळात विरघळली पाहिजे. हा टाकीचा हिशोब. मुळाशी काय पोचलं, ते बघायला वेगळी चाचणी लागते, तिला जैवसमतुल्यता म्हणतात. निरोगी माणसांना एकदा मूळ औषध आणि काही दिवसांनी दुसऱ्या कंपनीचं औषध देतात. दर थोड्या वेळाने रक्त घेऊन त्यात औषध किती चढलं, किती वेळ टिकलं, हे मोजतात. दोन्हींचं गुणोत्तर ८० ते १२५ टक्क्यांच्या पट्ट्यात यावं लागतं.

या ८० ते १२५ चा फार विपर्यास होतो. "जेनेरिकमध्ये वीस टक्के औषध कमी असतं," असं शिकलेली माणसंही बोलतात. तसं नाही. पट्ट्यात नुसती सरासरी बसून चालत नाही. संख्याशास्त्राने त्या सरासरीभोवती जी शंकेची जागा ठेवलेली असते, तीसुद्धा दोन्ही टोकांसकट आत बसावी लागते. त्यामुळे प्रत्यक्ष सरासरी फार लांब जाऊच शकत नाही. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने बारा वर्षांतले असे २,०७० अभ्यास तपासले. त्यात मूळ औषध आणि जेनेरिक यांच्यातला सरासरी फरक साडेतीन ते साडेचार टक्क्यांच्या आसपास निघाला. एवढा फरक तर तुम्ही गोळी उपाशीपोटी घेतली की जेवून, यानेही पडतो.

मात्र हे आकडे अमेरिकेतले आहेत. आपल्याकडे बराच काळ नियम असा होता की औषध बाजारात येऊन चार वर्षं झाली की पुढच्या कंपन्यांना ही रक्ताची चाचणी न करताही राज्याकडून परवाना मिळू शकायचा. पाण्यात नीट न विरघळणाऱ्या औषधांसाठी ती चाचणी सरसकट सक्तीची झाली ती एप्रिल २०१७ मध्ये. डॉक्टरांच्या मनातला अविश्वास या मागच्या काळातून आलेला आहे आणि त्याला आधार आहे. पण तो अविश्वास ब्रँड नसलेल्या मालापुरताच ठेवण्याला आधार नाही. केंद्रीय औषध नियंत्रण संस्था दर महिन्याला प्रमाणाबाहेर सापडलेल्या नमुन्यांची यादी जाहीर करते. त्यात बिननावाचे असतात तसे नावाजलेलेही असतात. २०२५ मध्ये शेजारच्या मध्य प्रदेशात, छिंदवाड्याकडे खोकल्याच्या ज्या विषारी सिरपने लहान मुलं दगावली, त्या बाटलीवर ब्रँडनाव होतंच. दर्जा येतो तो कारखान्यातून आणि तिथे जाऊन तपासणाऱ्या इन्स्पेक्टरकडून. ब्रँडनावाने त्याची हमी मिळत नाही.

काही औषधांत मात्र कंपनी बदलायला मीही घाबरतो. फिट्सची फेनिटोइन आणि कार्बामाझेपिन, रक्त पातळ करणारं वॉर्फरिन, थायरॉइडचं लेव्होथायरॉक्सिन, मानसिक आजाराचं लिथियम, हृदयाचं डिगॉक्सिन, मूत्रपिंड बसवल्यानंतरचं टॅक्रोलिमस. यांची फायद्याची मात्रा आणि अपायाची मात्रा अगदी शेजारी शेजारी असते. ऑस्ट्रेलियात १९६८ च्या सुमारास फेनिटोइन घेणारे कितीतरी पेशंट अचानक झोकांड्या खाऊ लागले. ब्रँड तोच, कंपनी तीच, मात्राही तीच. कंपनीने फक्त कॅप्सूलमध्ये भर घालायला वापरलेला कॅल्शियम सल्फेट काढून लॅक्टोज घातलं होतं. तेवढ्याने औषध रक्तात जास्त चढलं. म्हणून या गोळ्या ज्या कंपनीच्या सुरू झाल्या, त्याच चालू ठेवा. मग ती स्वस्तातली असो की महागातली. बदलायचीच वेळ आली तर डॉक्टरांना सांगून बदला, म्हणजे ते गरज पडल्यास रक्त तपासून मात्रा बघतील.

आणखी दोन फसवी ठिकाणं आहेत. एक, नावापुढची अक्षरं. मेटफॉर्मिन ५०० आणि मेटफॉर्मिन ५०० एसआर एक नव्हेत. एसआर हळूहळू सुटते, ती फोडून किंवा चावून खायची नसते. मेटोप्रोलॉल टार्ट्रेट आणि मेटोप्रोलॉल सक्सिनेट यांतही असाच फरक आहे. दुसरं, एस-अ‍ॅमलोडिपिन. त्याची अडीचची गोळी साध्या अ‍ॅमलोडिपिनच्या पाचच्या बरोबरीची असते. "अडीच आहे, म्हणजे दोन खाऊ" असा हिशोब करणारे मी बघितले आहेत.

कायदा काय म्हणतो, हेही बघू. डॉक्टरांच्या आचारसंहितेत २००२ पासून शक्यतो जेनेरिक नाव लिहा असं आहे. २०१६ च्या दुरुस्तीने ते अधिक स्पष्ट झालं: जेनेरिक नाव, वाचता येईल असं, शक्यतो कॅपिटल अक्षरांत. २ ऑगस्ट २०२३ ला राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने नवे नियम काढले. त्यात ही सक्ती होती आणि मोडल्यास कारवाईही. डॉक्टरांच्या संघटनांनी विरोध केला, आणि तीनच आठवड्यांत, २३ ऑगस्टला, ते नियम स्थगित झाले. म्हणजे आज जुना नियम लागू आहे. तुम्ही डॉक्टरांना "टेक्निकल लिहून द्या" म्हणालात, तर आगाऊपणा होत नाही.

उलट बाजूला दुकानदारासाठी औषध नियमांतला ६५ क्रमांकाचा नियम आहे. डॉक्टरांनी शेड्यूल एचमधल्या, म्हणजे चिठ्ठीशिवाय न विकायच्या, औषधाचा एखादा ब्रँड लिहिला असेल, तर त्याच घटकाचं दुसऱ्या कंपनीचं औषध मी स्वतःच्या मर्जीने देऊ शकत नाही. एकीकडे सरकार सांगतं, जनऔषधी केंद्रात जा. दुसरीकडे हातातल्या चिठ्ठीवर ब्रँड असेल तर केंद्रवाल्याला ते बदलून देण्याची कायद्याने मुभा नाही. या गाठीमुळे रोज माणसं रिकाम्या हाताने परततात, नाहीतर कायदा गुपचूप मोडला जातो. चिठ्ठीवर घटकाचं नाव असेल तर ही गाठ पडतच नाही.

जनऔषधी योजना २००८ ची. तिथल्या किमती नामवंत तीन ब्रँडच्या सरासरीच्या जास्तीत जास्त निम्म्या, अशा सूत्राने ठरतात. बीपी, साखर, कोलेस्टेरॉल अशा वर्षानुवर्षं चालणाऱ्या गोळ्यांसाठी मी माझ्या नात्यातल्या लोकांना तिथेच पाठवतो, माझं गिऱ्हाईक जात असलं तरी. तिथे छापील किंमत हीच खरी किंमत असते, आणि डिस्काउंटचा खेळ नसतो. एक अडचण आहे: कधी एखादं औषध शॉर्ट असतं. दहा दिवसांची गोळी हातात असतानाच पुढची आणून ठेवा. अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीतल्या ३८४ औषधांना सरकारने कमाल किंमत बांधून दिली आहे. ब्रँड असो-नसो, तिच्या वर कुणी जाऊ शकत नाही. पण दोन-तीन औषधांची मिश्रणं बहुतेक त्या यादीबाहेर असतात. दोन साध्या गोळ्या की एक मिश्रगोळी, हे डॉक्टरांना विचारायला हरकत नाही.

मग घरी करायचं काय? पट्टी उलटी करा. एका घटकाच्या औषधाच्या वेष्टनावर घटकाचं नाव ब्रँडपेक्षा मोठ्या अक्षरांत छापायचा नियम २०१८ पासून आहे, तरी चांदीवर ते दिसत नसेल, तर पोराला मोबाइलवर फोटो काढून मोठं करायला सांगा. १ ऑगस्ट २०२३ पासून सर्वाधिक खपाच्या ३०० ब्रँडवर क्यूआर कोड आला आहे. तो स्कॅन केला की घटकाचं नाव, कंपनी, बॅच, मुदत सगळं दिसतं. सुट्या गोळ्या घेताना पट्टी अशी कापून मागा की नाव आणि मुदत तुमच्या तुकड्यावर राहील. कटिंग देताना मुदतीची बाजू दुकानात उरते आणि गिऱ्हाइकाकडे कोरी चांदी जाते, हे फार होतं. आणि एक चिठ्ठी करा: घटक, शक्ती, वेळ. बस. ब्रँड लिहायचा तर पुढे लिहा. डॉक्टरांनी दोन्ही नावं लिहिली तर सगळ्यात उत्तम. घटक कळतो, आणि त्यांना भरवशाची कंपनी कोणती वाटते तेही कळतं. आता कित्येक दवाखान्यांत चिठ्ठी कॉम्प्युटरवर निघते. ब्रँड निवडला की घटकाचं नाव खाली आपोआप येईल, अशी सोय करायला एकदाच अर्धा तास लागतो.

खान्देशात ही चिठ्ठी जास्तच लागते, कारण आपली माणसं सतत हलत असतात. अर्धं गाव सुरतच्या उधना-लिंबायतमध्ये. धडगाव-अक्कलकुव्याकडची कुटुंबं ऊसतोडीला दक्षिण गुजरातेत. त्यांत सिकलसेल या रक्ताच्या आजाराचे पेशंट असतात, त्यांची हायड्रॉक्सीयुरिया महिन्यातून एक दिवसही चुकवून चालत नाही. सरकारी दवाखान्यात ती याच नावाने मिळते, म्हणून ते नाव त्यांना ठाऊक असतं. बारडोलीच्या दुकानात नुसता नंदुरबारकडचा ब्रँड सांगितला तर दुकानदार मान हलवील. हायड्रॉक्सीयुरिया ५०० म्हटलं की रॅककडे वळेल.

मोठीमायची निळी पट्टी जळगावच्या डॉक्टरांना विचारून बंद केली, लाल चालू ठेवली. तिला वाचता येत नाही, म्हणून मी पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत "टेल्मिसार्टन ४०, सकाळी एक" लिहिलं, त्यावर सूर्य काढला आणि प्लास्टिकच्या पिशवीत घालून तिच्या बटव्यात ठेवलं. नातवाने त्याचा फोटो काढून घेतला. यंदा ती पुन्हा सुरत-भुसावळ गाडीत बसली. तीन आठवड्यांनी रात्री फोन आला. पोऱ्याने मेडिकलवरून गोळ्या आणल्या होत्या, पाकीट हिरवं होतं.

"ह्या त्या गोया नही शेतस रे," ती म्हणाली. मग जरा थांबून, "मांगे काय लिखेल शे ते तो वाची राहिना. ऐक. टेक्निकल तेच शे का?"

नातू मागून एकेक अक्षर वाचत होता. टे, ल्मि, सार्, टन. चाळीस.